वरच्या सुराआधीचा हिसका

सर्जेराव गेजग्यांचं मूत चारचौघांत पहिल्यांदा सुटलं ते आटपाडीच्या एका लग्नात, अंतरपाट खाली आला त्या क्षणाला. 'मूत' म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांनी इथंच थांबावं. ही गोष्ट त्याचीच आहे, आणि ती कधी ना कधी त्यांच्याही दारात यायची आहे.

नऊ महिन्यांपूर्वी मिरजेच्या दवाखान्यात रोबोटच्या हातांनी सर्जेरावांची प्रोस्टेटची गाठ काढली होती. गाठीत कॅन्सर होता. कॅन्सर गेला, पण जाताना लघवी धरून ठेवणारा स्नायू ढिला करून गेला. गप बसलं तर काही नाही. शिंक आली, खोकला आला, पाण्याची घागर उचलली, की थेंब दोन थेंब गेलेच. आणि सनई फुंकणं म्हणजे तरी काय? पोटावर जोरच. गेजग्यांच्या चार पिढ्यांनी त्या जोरावर भाकरी खाल्ली होती.

अक्षता उडाल्या, सर्जेरावांनी वरचा सा लावला, आणि मांडी गरम झाली. मांडीवर उपरणं होतं म्हणून अब्रू वाचली. ते उपरणं तिथं असण्याचं कारण वेगळंच होतं. होलार वाजंत्र्यांत गेजग्यांचा दमसास नावाजलेला. नाकानं श्वास घ्यायचा, गालात धरून ठेवायचा, पोटानं ढकलायचा. सूर एका तासात एकदाही तुटायचा नाही. श्वास कधी घेतला ते कानाला कळत नाही, पण पोट हलतं ते डोळ्याला कळतं. म्हणून दुसरा वाजंत्री समोर असला की गेजगे पोटावर उपरणं टाकून बसायचे. ही विद्या बापाकडून मुलाला. सर्जेरावांना मुलगा नव्हता. एक मुलगी होती, रेश्मा. म्हणजे विद्या संपली, असा सरळ हिशेब.

त्या लग्नानंतर सर्जेराव वाजवायला बसले की भ्यायचे. वरच्या सुरावर जायच्या आधी पापणी लवण्याएवढा वेळ श्वास थांबवायचा, ओटीपोट वर ओढायचं, मांड्या आवळायच्या आणि मगच सूर फेकायचा. सूर चढण्याऐवजी हिसका देऊन वर जाऊन पडायचा. ऐकणाऱ्यांना वाटायचं, वस्तादांनी नवी तऱ्हा काढली. माना डोलवायचे लेकाचे.

वर्षभर सांगितलेले व्यायाम केले. गळती कमी झाली, थांबली नाही. मग रेश्मानंच त्यांना डॉक्टर बागवानांसमोर बसवलं. रेश्मा छत्तीस वर्षांची, त्याच दवाखान्यात तंत्रज्ञ. शरीरात बसवलेल्या यंत्रांच्या नोंदी वाचायचं तिचं काम.

"तीन वाटा आहेत, वस्ताद," डॉक्टर म्हणाले. "एक, सुईनं मूत्रनळीच्या भिंतीत जेल भरायचं म्हणजे वाट अरुंद होते. सोपं आहे, पण फार काळ टिकत नाही. दुसरी, पट्टी. जाळीची पट्टी मूत्रनळीखालून घालून झोळीसारखी वर ओढायची. आत यंत्र नाही, बिघडायला काही नाही. गळती थोडी किंवा मध्यम असेल तर ती चांगली. तिसरी, झडप. मूत्रनळीभोवती पाण्यानं भरलेलं कडं आणि अंडकोशाच्या पिशवीत लहानसा पंप. लघवीला गेलं की पंप दाबायचा, कडं सैल होतं. दोनेक मिनिटांत आपोआप परत आवळतं. गळती जास्त असेल तर ही."

"आन सनई?"

"तेच सांगतोय. पोटाचा जोर एकदम वाढला तर साध्या झडपेतूनही थोडं निसटतं. म्हणून आता चौथी वाट निघालीय. जाणती झडप."

जाणत्या झडपेची करामत अशी. आपण फुंकतो त्याच्या किंचित आधी मेंदूचा हुकूम नसांतून पोटाच्या स्नायूंपर्यंत आलेला असतो. केसाएवढी तार श्वासपटलाखाली आणि पोटाच्या स्नायूंत शिवलेली असते, ती हा हुकूम वाटेतच ऐकते आणि जोर येण्याआधी कडं आवळते. पण प्रत्येकाच्या पोटाची बोली वेगळी. ती शिकायला झडपेला सहा महिने लागतात. तोवर पोटाची प्रत्येक ओढ, प्रत्येक ढकल तिच्यात नोंदली जाते. नोंद फोनवाटे दवाखान्यात जाते, तिथं निवडली जाते आणि शहाणी होऊन परत पोटात येते. वस्तू अजून चाचणीतली, त्यामुळं दिवसाला चारशे ग्रॅमच्या वर गळती असणाऱ्यांनाच मिळायची.

गळती मोजायची कशी? तीन दिवस पॅड लावायचे, वापरलेला प्रत्येक पॅड पिशवीत बंद करून तोलायचा आणि कोऱ्या पॅडचं वजन वजा करायचं. काटा रेश्मानं आणून दिला. तोलायचं काम सर्जेरावांच्या बायकोनं, सिंधूबाईंनी अंगावर घेतलं. सर्जेराव तिकडं फिरकले नाहीत. बाप्याच्या जातीनं स्वतःचं मूत स्वतः जोखायचं म्हणजे काय! बायकोनं धोतर धुतलं, बायकोनं मूत तोललं, सगळं एकाच खात्यातलं.

पहिल्या दिवशी चारशे बारा ग्रॅम भरलं, दुसऱ्या दिवशी चारशे छत्तीस, तिसऱ्या दिवशी साडेचारशे.

"पट्टीनं भागायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "जाणती झडपच घालू."

सह्यांचे कागद अठरा पानांचे. सर्जेरावांनी रेश्माला विचारलं, "काय लिव्हलंय गं ह्यात?"

"तुमच्या पोटाची नोंद ठेवत्यात, आबा. झडपेला शिकवायला."

"ठेवू देत. पोटात चोरण्यासारखं काय हाय?" म्हणाले आणि त्यांनी सही ठोकली.

ऑपरेशन झालं. दीड महिन्यानं झडप चालू केली, सहा महिन्यांत ती पोटाची बोली शिकली, आणि त्या नवरात्रात सर्जेराव नऊ दिवस देवीच्या नगारखान्यात कोरडे बसून वाजवत राहिले. दसऱ्याला खाली उतरून त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. आयुष्यात दुसऱ्यांदा. रेश्मा रडली. ती का रडली हे त्यांना पुढं सव्वा वर्षानं कळलं.

*

बातमी आणली लखू पारसेनं. लखू तीस वर्षं सर्जेरावांच्या मागं बसून सूर धरायचा, म्हणजे एकच स्वर अखंड फुंकत राहायचा. असल्या माणसाचा कान खोटं बोलत नाही.

"वस्ताद, जतला कुणीतरी तुमचा दम वाजवतंय."

"माझी चाल वाजवत आसंल. चाल काय, रेडिओवरनं बी चोरत्यात."

"चाल न्हवं. दम. माझ्या पोरीच्या मैतरणीच्या शाळंत आयतवारी सनई शिकवत्यात. मी भाईरनं ऐकलं. डोळं मिटलं आन मला वाटलं, तुमीच बसलाय आत."

रविवारी सर्जेराव विजेच्या एसटीनं जतला गेले. शाळेच्या हॉलची खिडकी उघडी होती. आत बारा बायका-पोरी अर्धगोल करून बसल्या होत्या. काही आपल्या होलार घरातल्या, दोन मांगांच्या, एक पाटलाची, एक वाण्याची. प्रत्येकीच्या पोटावर रुंद काळा पट्टा. पट्ट्यात हवेच्या पिशव्या होत्या. त्या फुगायच्या, दबायच्या, सोडायच्या, आणि पट्टा जसा दाबेल तशी पोरगी फुंकायची. मधे रेश्मा. तिच्या पोटावर पट्टा नव्हता. तिला गरजच उरली नव्हती.

तिनं सनई ओठाला लावली आणि सर्जेरावांचा बाप दादू गेजगे जी लग्नातली चाल वाजवायचा ती सुरू केली. सूर कुठंच तुटेना. सर्जेरावांनी श्वास मोजला. ज्या जागी ते नाकानं घ्यायचे त्याच जागी ती घेत होती. जिथं ते गालात राखून ठेवायचे तिथंच ती राखत होती. साठ वर्षं उपरण्याखाली झाकलेलं पोट बारा जणींच्या कंबरेला बांधलेलं होतं.

ते आत गेले नाहीत. स्टँडवर येऊन मिरजेच्या गाडीत बसले.

*

सर्जेरावांनी पोरींच्या पट्ट्यांचं सांगितलं तसा डॉक्टर बागवानांनी चष्मा काढून ठेवला. "तुम्हाला हे माहीत नाही? चौदावं पान बघा. नोंदीची एक प्रत रुग्णाच्या घरच्या माणसाला, विद्या शिकण्यासाठी द्यायला हरकत नाही. खाली सही तुमची."

"तिनं वाचून दावलं न्हाई."

"मी विचारायला हवं होतं," डॉक्टर पुटपुटले. तेवढं बोलायला माणूस तयार आहे ह्याचंही सर्जेरावांना आश्चर्यच वाटलं. डॉक्टर जुनी फाइल चाळत होते. एका कागदावर त्यांचं बोट थांबलं.

"वस्ताद, एक विचारू? ऑपरेशनआधी इथं तुमची एका तासाची चाचणी केली होती. पाणी पाजून, चालवून, खोकायला लावून. गळती भरली नऊ ग्रॅम. आणि घरची चारशेच्या वर. मी तेव्हा बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, दवाखान्यात लाजंनं आवळून धरत्यात. मला पटलं."

"घरचं वजन खोटं आसतं तर?"

"शंभरच्या आत असतं तर पट्टी बसवली असती. साधी जाळीची पट्टी."

"जिच्यात तार न्हाई."

"तार नाही. नोंद नाही. काही नाही."

सर्जेरावांनी सदरा वर करून ओटीपोट पुढं केलं. मग म्हणाले, "ह्या झडपंचं ऐकणं बंद करा."

"बंद केली तर ती बहिरी होईल. नुसतं कडं राहील. चालण्या-बोलण्याला पुरेल, पण पूर्ण दम लावून वाजवलंत तर सुटेल. आणि परत चालू करायची तर पहिल्यापासून शिकवावं लागेल."

"बंद करा म्हणलं न्हवं."

पाच मिनिटांचं काम होतं. डॉक्टरांनी ओटीपोटावर एक चकती फिरवली आणि झाली झडप बहिरी.

*

सिंधूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. सर्जेरावांनी चप्पलही काढली नाही.

"किती पाणी ओतलं पॅडवर?"

सिंधूबाईंनी पुढची शेंग घेतली. "रोज लोटीला थोडं कमी. तीन दिस."

"माझ्या मुतात पाणी घातलंस तू? पन्नास वर्सं संसार केलास आन माझ्या पोटाला फितूर झालीस? मला नको ती यंत्रं घालून घ्यायला लावलीस? काय झालं आसतं तर?"

"डाक्टरला इचारलं हुतं मी. फार धोका न्हाई म्हणाला."

"आन मला? मला इचारलंस?"

"तुमाला इचारून तीस वर्सं झाली की." त्यांनी शेंगांची परात बाजूला सारली. "रेशमी सात वर्साची हुती. तिनं तुमच्या सनईची पत्ती तोंडाला लावली म्हणून तुमी तिचा ओठ फोडला. वण अजून हाय. लग्नात मेकपवालीनं इचारलं, ह्यो कशाचा. मी सांगितलं, पडली. तुमची अब्रू तवाबी मीच झाकली."

"बाईमाणसानं देवीपुढं फुंकायचं न्हाई, ही माझी रीत न्हाई, बापजाद्याची हाय."

"देवी काय बाप्या हाय व्हय?"

ज्या देवळाच्या उंबऱ्याच्या आत सर्जेरावांच्या आज्याला पाय टाकू दिला नव्हता, बाहेरच्या नगारखान्यात बसवून वाजवून घेतलं, त्या देवळाचं सोवळं-ओवळं ते स्वतःच्या पोरीवर राखत बसले होते. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण कळणं वेगळं आणि बायकोनं तोंडावर फेकणं वेगळं.

"चोरी ती चोरीच," एवढंच ते म्हणाले.

"हाय की. चोरीच हाय. मागितलं तवा दिलं न्हाई, म्हणून चोरलं. तुमी मेला आसता तर दम तुमच्यासंगट सरणावर गेला आसता. आता बारा जणींच्या पोटात हाय." सिंधूबाईंचा आवाज थोडा मऊ झाला. "सांगलीची मानसं येऊन ऐकून गेली तिला. लई वाखाणत्यात. वरच्या सुराआधी तुमचा जो हिसका हाय न्हवं, त्येला 'गेजगे हिसका' नाव पडलंय. दोघी-तिघींना त्यो बसवायला म्हैना म्हैना लागला म्हणं."

"कुठला हिसका?"

"त्योच वो. श्वास धरून, पोट वर वढून…"

सर्जेराव खांबाला टेकले. आधी त्यांना कळलंच नाही आपल्या घशातून काय येतंय ते. मग ते हसत सुटले. खो खो, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. बहिऱ्या झडपेतून थोडं गळलंही. झडपेनं सहा महिने जे पोट ऐकलं ते चार पिढ्यांचं नव्हतंच. एका घाबरलेल्या म्हाताऱ्याचं होतं. यंत्राला कसब आणि भीती यांतला फरक कुठला कळायला? त्यानं दोन्ही एकाच तागडीत घातलं, पट्ट्यात भरलं, आणि बारा धडधाकट बायका महिनामहिना राबून एका गळक्या म्हाताऱ्याचं मूत आवरायला शिकल्या.

"काय झालं वो?" सिंधूबाई घाबरल्या.

"काय न्हाई. शिकू दे. चांगलं शिकू दे."

*

पंधरा दिवस सर्जेराव त्या सुडावर जगले. रेश्मा फोन करायची, ते घ्यायचे नाहीत. ती घरी आली तर मागच्या दारानं बाहेर. जेवताना मधेच एकटेच हसायचे. चोराच्या हाती खोटं नाणं गेलं होतं आणि चोराला पत्ता नव्हता. आपण मेल्यावर पोरी पोरींना शिकवतील, त्या पोरी आणखी पोरींना, आणि गेजगे म्हटलं की लोक तो हिसका ऐकतील. वाजवा, लेकींनो. दाद घ्या.

मग लखूनं फोनवर एक तुकडा ऐकवला. सांगलीच्या कार्यक्रमातला. निवेदक म्हणत होता, 'ही कै. दादू गेजगे यांची परंपरा.' आणि रेश्मा वाजवत होती. दादूची चाल, दादूचं नाव, आणि वरच्या सुराआधी हिसका.

सर्जेरावांचं हसू तिथंच आटलं. दादू गेजगे वरचा सा लावायचा तो तेलाची धार उलटी चढावी तसा. खालून वरपर्यंत एकच ओढ, कुठं ठेच नाही. ते ऐकून माणसं हातातला घास तसाच धरून बसायची. आपलं मूत बापाच्या सुरात गेलंय, आणि ते आपण पंधरा दिवस मिटक्या मारत बघतोय!

दुरुस्त करायचं तर पोरीला नुसतं 'चूक' म्हणून चालणार नव्हतं. ती म्हणाली असती, यंत्रात असंच आहे, आबा. हिसका कुठून आला ते सांगावं लागणार. बारा बायकांसमोर, पाटलाच्या सुनेसमोर. जे लखूलाही ठाऊक नव्हतं ते. गप बसलं तर अब्रू राहते आणि बाप बाटतो. बोललं तर बाप सुटतो आणि अब्रू जाते. दोन दिवस त्यांच्या तोंडात घास नुसता फिरत राहिला.

रविवारी ते हॉलच्या दारात उभे राहिले. सगळ्यांच्या सनया खाली आल्या. रेश्मा उठली. रंग उडालेला.

"आबा, मी सांगणार हुते…"

"बस खाली. तू चोर हाईस. तुझी आय चोराची साथीदार. ते मी इसरणार न्हाई, मेल्यावरबी न्हाई. त्येच्यासाठी आलो न्हाई मी." ते आत आले आणि अर्धगोलाच्या मधोमध उभे राहिले. "तो हिसका कुणाकुणाला येतो? वाजवा."

पोरी एकमेकींकडं बघू लागल्या. मग पाटलाच्या सुनेनं धीर केला आणि वाजवला. हुबेहूब.

"झकास," सर्जेराव म्हणाले. "आता ऐका त्यो कुठनं आला. माझं प्रोस्टेट काढलं. तवापास्नं फुंकलं की मी मुततो. लग्नात मुतलो, नगारखान्यात मुतलो. वरचा सूर आला की मी भ्यायचो, श्वास धरायचो, मांड्या आवळायचो. त्यो हिसका म्हंजी माझं मूत आवरणं हाय. गेजग्यांची परंपरा न्हवं ती. दादू गेजगे कवाच असं वाजवत न्हवता."

मागं बसलेली एक पोरगी फिसकन हसली आणि तोंडावर हात ठेवून गप्प झाली.

"हस की. मीबी हासलोय."

रेश्माच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते लाजेचं की हरल्याचं, सर्जेरावांनी बघितलं नाही. तिनं फक्त विचारलं, "मग खरं कसं हाय?"

सर्जेराव खाली मांडी घालून बसले. सनई काढली, पत्ती ओठांत भिजवली. ऐकणारी तार बंद होती, पट्ट्यांत जायला काहीच उरलं नव्हतं. सुरुवात त्यांनी खालच्या सुरापासून केली, बाप बसायचा तसं ताठ बसून. वरचा सा जवळ आला. सवयीनं पोट वर ओढलं जाणार होतं. त्यांनी ओढलं नाही. मांड्या सैल सोडल्या आणि सगळा दम एका ओढीत वर जाऊ दिला. सूर चढला, चढत राहिला, कुठंही अडखळला नाही, आणि वर जाऊन थांबला तिथं नुसता हेलकावत राहिला. त्याच वेळी पांढरा लेंगा मांडीपासून गुडघ्यापर्यंत ओला होत गेला. सगळ्यांनी बघितला. ते वाजवत राहिले.

सनई खाली ठेवली तशी एकीनं पदर पुढं केला, पुसायला. त्यांनी हातानंच नको म्हटलं.

"आबा," रेश्मा म्हणाली, "परत एकदा वाजवा."

"न्हाई. कान हाईत न्हवं तुला? तीस वर्सं दाराआडनं ऐकलंस न्हवं? वाजीव."

रेश्मानं सनई उचलली. खालून सुरुवात केली. वरच्या सुराजवळ आली आणि तिचं पोट आपोआप वर ओढलं गेलं. हिसका.

"चूक," सर्जेराव म्हणाले.

तिनं परत घेतलं. परत हिसका. थोडा बारीक.

"चूक."

लेंगा गार पडत चालला होता, वास येऊ लागला होता. पाटलाच्या सुनेनं उठून खिडकी उघडायची म्हणून हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. रेश्मानं तिसऱ्यांदा श्वास भरला. त्यांनी डोळे मिटले, म्हणजे तिचं तोंड बघावं लागू नये. तिला माफ केलेलं नव्हतं. जन्मात करणारही नव्हते.

"चूक," ते म्हणाले. "परत."